कट वाटीत वेगळा मागा

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला 'बाहेरचं खाणं बंद करा' म्हणून सांगणं सोपं आहे पण ते होत नाही. रविवारी मटण, पाव्हणे आले की खानावळ, पोरांची परीक्षा संपली की लोणी डोसा, सकाळी फिरून येताना मिसळ, सोयरीक जमू दे नाहीतर नवी गाडी घेतलेली असू दे, सगळं शेवटी जेवणावर येतं. आणि मला हे मनापासून आवडतं. मी शिवाजी पेठेत वाढले, खासबागेची भेळ आणि मटणाचा रस्सा यांच्यावर माझं बालपण गेलं, त्यामुळं हे सगळं सोडा असं मी कुणाला कधीच सांगणार नाही.

पण आजूबाजूला बघितलं की काळजी वाटते हो. आमच्या गल्लीत, ऑफिसात, नात्यात, जिथं बघावं तिथं कुणाला तरी बीपीची गोळी सुरू झालेली असते, कुणाची शुगर बॉर्डरवर आलेली असते, आणि ही माणसं साठीची नाहीत, चाळिशीच्या आतली पण आहेत. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, इंडियाब नावाचा मोठा अभ्यास २०२३ साली आला, त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आणि ३१ कोटींच्या वर लोकांना बीपी आहे असा अंदाज दिलाय. आमच्या घरात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन्ही आहे. आप्पा तरुणपणी तालमीत होते. आता कोल्हापुरात ज्यांच्या घरी जुना पैलवान आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल, मेहनत सुटते पण खुराक सुटत नाही. जोर बैठका थांबून कितीतरी वर्षं झालेली असतात पण ताटात मटण तेवढंच, दूध तेवढंच, तूप तेवढंच. अंगाला सवय असते खाण्याची आणि मनालाही, आणि कमी जेवलं की घरातलेच म्हणतात तब्येत बरी नाही काय.

डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं मीठ कमी, तेल कमी, भात कमी, बाहेरचं जेवण शक्यतो नको. त्यावर आप्पा म्हणाले, "डॉक्टर, मटण सोडायचं म्हणजे मग कोल्हापूरच सोडलं की." डॉक्टर पण इथलेच, ते म्हणाले मटण सोडू नका, कसं खाता ते बदला. हे 'कसं' मला फार महत्त्वाचं वाटलं आणि तेव्हापासून मी हॉटेलात गेले की नीट बघायला लागले, विचारायला लागले, वाचायला लागले.

मोबाइलवर डाएटचे व्हिडिओ बघितले तर बाहेर जेवताना काय मागवायचं यात ग्रिल्ड चिकन, सॅलड, ड्रेसिंग बाजूला, असलं सगळं सांगतात. आपल्या खानावळीत ग्रिल्ड चिकन कुठलं मिळायला. पण मला एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती, ती म्हणजे आपलं कोल्हापुरी जेवण सुटं येतं. मटण वेगळ्या वाटीत, तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, भाकरी वेगळी, भात मागाहून, कांदा लिंबू दही बाजूला. मिसळीत पण उसळ प्लेटमध्ये आणि कट, म्हणजे तिखट तेलाचा रस्सा, वरून. म्हणजे कशाचं प्रमाण किती ठेवायचं हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. पनीर बटर मसाला घेतला की त्यातलं बटर बाजूला काढता येत नाही, बिर्याणीतलं तूप काढता येत नाही, पण आपल्या थाळीत प्रत्येक वाटीशी वेगळा व्यवहार करता येतो. फक्त बोलावं लागतं, आणि सुरुवातीलाच बोलावं लागतं, ताट भरल्यावर नाही.

आधी तेलाचं बघू कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली नवीन आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला वरून घालायचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. २७ ग्रॅम म्हणजे मोठे दोन चमचे. दिवसभराचे, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या भाजीपर्यंत सगळे धरून. आता मिसळीच्या वाटीवर लालभडक तवंग असतो तो आठवा. तो तवंग म्हणजे सगळं तेलच, आणि एक ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे भाकरीतल्या पिठाच्या किंवा उसळीतल्या प्रोटीनच्या दुपटीहून जास्त. तिखटपणानं कुणाचं वजन वाढत नाही, वाढतं ते या तेलानं. ज्यांना पित्ताचा नाहीतर पोटाचा त्रास आहे त्यांना तिखट सोसत नाही ती गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांनी मिरचीला उगाच बोल लावू नये.

मिसळ मला तर आपल्याकडच्या बाहेरच्या खाण्यात बऱ्यापैकी चांगली गोष्ट वाटते, खरंच. मोड आलेली मटकी, त्यावर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, यात वाईट काय आहे? मटकीत प्रोटीन आहे, फायबर आहे, पोट भरतं. बिघडतं ते तीन ठिकाणी, वरचं फरसाण, तवंगाचा कट आणि ब्रेडचे स्लाइस. म्हणून मी मिसळ सांगताना असं सांगते, "दादा, उसळ जरा जास्त, फरसाण अर्धं, आणि कट वाटीत वेगळा द्या." वेगळा आला की कट थोडा वेळ तसाच ठेवायचा, तेल वर येतं, मग चमच्यानं तेवढं बाजूला करून खालचा रस्सा घ्यायचा. चव खालच्या रश्श्यात आहे, मसाला तिथं आहे, कांदा-लसणाचा वास तिथं आहे. एकदा करून बघा. उद्यमनगरात फडतऱ्यांच्याकडं गर्दी असते, तिथं किंवा दुसरीकडं कुठंही असो, गर्दीच्या वेळी वेटरला लांबलचक सांगत बसायला वेळ नसतो, तेव्हा एवढंच म्हणायचं, "कट वेगळा." दोन शब्दांत काम होतं.

ब्रेडचं म्हणाल तर तो मैदाच आहे. दोन स्लाइसवर थांबता आलं तर ठीक, पण कट परत आला की ब्रेड परत येतो आणि ब्रेड संपवायला कट परत लागतो, हे चक्र सगळ्यांना माहीत आहे. मी कटाची दुसरी वाटी घेतच नाही, उसळ लागली तर एक्स्ट्रा उसळ सांगते. त्याचे पैसे घेतात पण ते देण्यासारखे पैसे आहेत.

आता मटणाच्या थाळीवर येऊ, इथं मला जरा सविस्तर लिहायचंय.

बऱ्याच जणांचा समज आहे की तांबडा रस्सा जड आणि पांढरा हलका. तिखट लागत नाही म्हणून लहान मुलांना, म्हाताऱ्यांना पांढरा वाटीवर वाटी देतात. पण पांढऱ्यात काय असतं बघा, मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काही ठिकाणी काजूची पेस्ट. म्हणजे स्निग्धांश भरपूर आहे, आणि नारळाच्या दुधातला तर सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या फॅटचा. तांबड्यातलं तेल निदान वर तरंगतं, डोळ्याला दिसतं, चमच्यानं बाजूला करता येतं. पांढऱ्यातलं सगळं एकजीव झालेलं असतं, ते काढता येत नाही. म्हणून मी घरी सगळ्यांना सांगते, पांढरा एक वाटी, आवडीनं, हळूहळू, पण एकच. तांबडा वरचं तेल सारून. आणि ज्यांना कोलेस्टेरॉलचं सांगितलंय त्यांनी पांढरा अर्धी वाटी घेतला तरी चव कळते.

दुसरी गोष्ट मीठ. ही मला तेलापेक्षा जास्त काळजीची वाटते कारण ती दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. रस्सा पातळ असतो, तो आपण खात नाही, पितो. दोन वाट्या तांबडा, दोन वाट्या पांढरा, वर सोलकढी, पापड, लोणचं, खारातली मिरची, प्रत्येकात मीठ आहे आणि सगळं एका बैठकीत पोटात जातंय. अनलिमिटेड रस्सा असतो म्हणून मोजदाद राहत नाही. रात्री दोनदा उठून पाणी प्यायला लागतं ते त्यामुळंच. बीपीवाल्या माणसानं हॉटेलात गेल्यावर पापड, लोणचं आणि वरून मीठ या तीन गोष्टींना हात लावला नाही तरी मोठा फरक पडतो, कारण रश्श्यातलं मीठ आपल्याला काढता येत नाही पण हे तीन टाळता येतात. आमच्या आप्पांचा हाच नियम आहे. पापड ताटात आला की ते तो शेजाऱ्याच्या ताटात ठेवतात, आता तर नातवंडं त्यांच्या शेजारी बसायला भांडतात.

अळणी सूप बऱ्याच ठिकाणी मिळतं, मटण शिजवलेलं पाणी, आलं-लसूण-हळद, थोडं मीठ. तेल मसाला नाही. सुरुवातीला गरम एक वाटी घेतली की भूक थोडी शांत होते आणि मग माणूस भाकरीवर तुटून पडत नाही. तब्येतीसाठी मला थाळीतलं हे सगळ्यात चांगलं वाटतं. मात्र ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे, अंगठा सुजतो, त्यांनी मटणाच्या पाण्याचं कुठलंही रूप जपूनच घ्यावं, कारण युरिक ॲसिड वाढवणारं प्युरिन शिजताना पाण्यात उतरतं. कलेजीचं पण तेच.

मटण स्वतः वाईट नाही. प्रोटीन आहे, लोह आहे. चरबीचा तुकडा आणि नळी यांच्यासाठी आपल्याकडं भांडणं होतात, ती एखादी नळी खाल्ली म्हणून काही होत नाही, पण सुक्क्याच्या प्लेटमध्ये चरबीचे तुकडे जास्त असतील तर ते बाजूला ठेवावेत आणि बिनचरबीचं मांस खावं. थाळ्या पण आता फार मोठ्या झाल्यात, स्पेशल थाळीत सुक्कं, खिमा, अंडं, मटण लोणचं, सगळं एकत्र येतं, एवढं एका माणसाला एका वेळी लागत नाही. साधी थाळी घ्या. किंवा दोघांत एक मटण प्लेट आणि भाकऱ्या वेगळ्या सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी थाळी दोघांत देत नाहीत, पण सुटी प्लेट दोघांत खाल्ली तर कुणी काही म्हणत नाही. पैसे पण वाचतात.

भाकरी की चपाती की रोटी, यात भाकरी. ज्वारीची नाहीतर नाचणीची, तव्यावरून थेट ताटात, तूप न लावता. मागं चुलीपुढं मावशी बसलेल्या असतात, त्यांच्या हातची गरम भाकरी हे आपल्या खानावळीतलं खरं वैभव आहे आणि तब्येतीलाही तेच बरं, आख्ख्या धान्याचं पीठ, फायबर. तंदूर रोटी घ्यायची झाली तर गव्हाची की मैद्याची एवढं विचारायचं, बऱ्याच ठिकाणी मैदा असतो किंवा दोन्ही मिसळलेलं असतं. आणि 'बटर लावू का' या प्रश्नाला नको म्हणायचं. भात शेवटी येतो, पोट भरलेलं असतं, तरी रस्सा उरलाय म्हणून आपण भात घेतो. शुगरवाल्या माणसाला हे फार महागात पडतं. भात खायचाच असेल तर एक भाकरी कमी करा आणि दोन घास भात खा, दोन्ही पूर्ण नको.

खाण्याचा क्रम बदलला तरी फरक पडतो, यावर परदेशात अभ्यास झालेत आणि आमच्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, आधी कांदा-काकडी, दही-कांदा, मग मटण किंवा उसळ, आणि भाकरी-भात शेवटी. असं केलं की जेवणानंतर शुगर एकदम वर जात नाही. आपल्याकडं उलट असतं, भुकेल्या पोटी गेलो की मटण यायच्या आधी भाकरी आणि ठेचा सुरू होतो. मी काय करते, घरातून निघताना एखादा पेरू नाहीतर मूठभर शेंगदाणे खाऊन निघते, रविवारी दुपारी दीड वाजता गर्दी असते, टेबल मिळायलाच वेळ लागतो, त्यात भूक कडकडून लागली की ऑर्डर हाताबाहेर जाते.

आग्रहाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्याकडं वाढणारा माणूस बादली घेऊन फिरत असतो आणि वाटी अर्धी झाली की भरतो, आणि तो प्रेमानं भरतो, "घ्या की वो, लाजताय काय" असं म्हणून. त्याला नको म्हणणं जिवावर येतं. बरोबर पाव्हणे असतील तर अजूनच. इथं मला एक उपाय सापडलाय, नको न म्हणता "मागून घेतो की" म्हणायचं आणि वाटीवर हात ठेवायचा. यात कुणाचा अपमान होत नाही. आणि पाव्हणा आपला असेल तर आपणच आग्रह आवरायचा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाव्हण्याला तर आपण इतकं खायला घालतो की तो दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत पोट धरून उभा असतो. त्याला चांगलं खाऊ घाला, पण त्याचा बीपी-शुगर आधी विचारा, ही पण माया आहे.

शाकाहारी माणसाला वाटतं आपलं बरं आहे, पण हॉटेलातल्या शाकाहारी ग्रेव्हीत तेल, बटर, काजू, क्रीम यांचं प्रमाण मटणाच्या रश्श्यापेक्षा कमी असतं असं अजिबात समजू नका. काजू करी, पनीर बटर मसाला, वर बटर रोटी, शेवटी जिरा राईस, यात भाजी कुठं आहे? त्यापेक्षा आख्खा मसूर मागवा. कोल्हापूर-सांगली-इस्लामपूर पट्ट्यात हायवेच्या ढाब्यावर आख्खा मसूर मिळतो तसा बाकी महाराष्ट्रात सहज मिळत नाही, कडधान्य आहे, पोट भरतं, स्वस्त आहे. फक्त सांगायचं "वरनं फोडणी नको, तेल कमी." पिठलं-भाकरी, भरलं वांगं, मेथी, दही, हे पण आता बऱ्याच ठिकाणी मिळतं. हॉटेलात जाऊन पिठलं काय खायचं असं म्हणणारे लोक आहेत, त्यांना मी सांगते चुलीवरचं पिठलं तुमच्या घरी होतं काय?

बाकीचं भराभर सांगते. लोणी डोसा आवडीचा असेल तर तो खा, पण सांगताना लोणी कमी सांगा आणि दोघांत एक घ्या, बरोबर इडली सांगा. रंकाळ्यावरची भेळ, खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, यात चुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी असते, तळलेल्या वड्यापेक्षा कितीतरी बरी, फरसाण थोडं कमी करायला सांगायचं एवढंच. चायनीजच्या गाड्यावर मंच्युरियन तळलेलं असतंच वर सॉसमध्ये मीठ, त्यात बीपीवाल्यांनी पडूच नये. घरी पार्सल मागवताना ॲपमध्ये सूचना लिहायची जागा असते, तिथं 'तेल कमी, कट वेगळा' असं मराठीत लिहा, बहुतेक वेळा ऐकतात.

वडा, भजी, मिरची तळणाऱ्याच्या कढईकडं मात्र एकदा बघायचंच. तेल काळपट झालंय, घट्ट झालंय, फेस येतोय, गरम होतानाच धूर येतोय, तर तिथं खायचं नाही, कितीही नाव असू दे. तेच तेल परत परत तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात, त्याची मोजणी टोटल पोलर कंपाउंड म्हणून करतात आणि एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्याची मर्यादा २५ टक्के ठरवून दिलीय, त्याच्या वर गेलेलं तेल तळणीला वापरायचं नाही असा नियमच आहे, २०१८ पासून. गाड्यावर कोण मोजत बसणार, म्हणून डोळ्यांनी बघायचं. सकाळी पहिल्या घाण्याचं खाल्लेलं बरं.

पेयांचं सांगायचं तर कोल्ड्रिंक नको. दर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरची साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, २००० कॅलरीला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, तेवढी त्या एका बाटलीत गेली. ताक मागवा, मीठ न घालता. उसाच्या रसाचं सांगायला जड जातंय कारण तो आपल्या मातीतला, गुऱ्हाळावर जाऊन प्यायलेला रस कोण विसरेल, पण शुगर असलेल्या माणसाला तो चालत नाही म्हणजे नाही. पोरांना कॉकटेल आइसक्रीम हवं असतं, एका ग्लासात दोन चमचे मागा, भावंडं वाटून खातात.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याबद्दल मला विचारतात. म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देतात, असं दृश्य कुठल्या शहरात बघायला मिळणार आहे? निरोगी तरुण माणसानं, तालमीत घाम गाळणाऱ्यानं आनंदानं जावं. पण म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के फॅट असतं, म्हणून रात्री जेवणावर मोठा ग्लास नको, तेवढं दूध हेच एक हलकं जेवण आहे. आणि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, त्यामुळं गरोदर बाईला, लहान लेकराला, म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला धारोष्ण दूध देऊ नका, घरी नेऊन उकळून द्या.

जेवून उठल्यावर लगेच गाडीवर बसून घरी जाऊन झोपायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, औषधाशिवाय होणारं काम आहे ते. आम्ही रात्री लवकर जेवतो, आठच्या आत, आणि रंकाळ्यावर एक फेरी मारतो. फेरी मारताना गाड्यांकडं न बघता मारायची हे मुलांना शिकवलंय.

शेवटी आमच्या इथल्या हॉटेल आणि खानावळ मालकांशी बोलायचंय, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, तुमच्या हातचं खाऊन आम्ही मोठे झालोय म्हणून लिहिते. २०२२ पासून ज्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत त्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहायचा नियम लागू झालाय, मोठ्या पिझ्झा-बर्गरवाल्यांकडं ते दिसतं. एका शाखेच्या खानावळीला तो लागू नाही, आणि कॅलरी लिहा असं मी म्हणत पण नाही, घरच्या मसाल्यावर चालणाऱ्या स्वयंपाकघरात ते जमणार नाही. पण बोर्डावर तीन ओळी वाढवता येतील काय? हाफ थाळी मिळेल. तेल कमी करून मिळेल. मीठ कमीचा रस्सा सांगितल्यास मिळेल. मीठ कमीचा रस्सा मोठ्या पातेल्यात होणार नाही हे मला माहीत आहे, पण मीठ घालायच्या आधी एक छोटं भांडं बाजूला काढून ठेवता येतं, मी एका ठिकाणी हे होताना बघितलंय, तिथल्या वहिनी रोज दुपारी काढून ठेवतात कारण त्यांच्या सासऱ्यांना बीपी आहे आणि नंतर गिऱ्हाइकं पण मागायला लागली. आप्पा तिथं जातात. वाढणाऱ्या पोराला त्यांचं ताट पाठ झालंय, एक वाटी अळणी, तांबडा तेल काढून, दोन भाकऱ्या, दही-कांदा, पापड नाही, आणि मटण मात्र पोटभर.